विसराळू वेब आणि पास्कल

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात एक जुना संगणक आहे. सभासदांची नावं, पुस्तकांची देवघेव, थकलेली वर्गणी, सगळं त्याच्या पोटात. त्यातला प्रोग्राम माझ्या भाच्यानं डेल्फी वापरून, म्हणजे पास्कल भाषेत लिहिलेला. मध्यंतरी सभासद म्हणू लागले, पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय, हे घरबसल्या कळायला हवं. भाचा म्हणाला, "मामू, सगळं नव्यानं लिहायची गरज नाही. पास्कलमध्येच वेबसाठी करता येतं." मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. तरी चार-सहा संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून जे समजलं, ते सांगतो.

विद्यार्थ्यांना नीटनेटका प्रोग्राम लिहिण्याची सवय लागावी म्हणून झुरिकच्या निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल भाषा पुढे आणली. नाव दिलं सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाचं. करवसुलीच्या कामात बुडालेल्या वडिलांचे कष्ट वाचावेत म्हणून त्यानं आकडेमोडीचं यंत्र बनवलं होतं. लेकाच्या मायेतून निघालेलं यंत्र! मला हे फार आवडलं. पुढे १९९५ मध्ये बोरलँड कंपनीनं डेल्फी आणली, तिचा पाया 'ऑब्जेक्ट'ची जोड मिळालेली पास्कल.

ऑब्जेक्ट म्हणजे काय? 'सभासद' घ्या. त्याचं नाव, क्रमांक, नेलेली पुस्तकं ही माहिती, आणि पुस्तक देणं, दंड काढणं ही कामं, दोन्ही एकाच पुडक्यात बांधायची. मग 'बालसभासद' वारशानं मिळतो. सगळं तेच, फक्त एका वेळी एकच पुस्तक.

आता अडचण वेबची. वेब मुळात विसराळू. तुम्ही पान मागितलं, सर्व्हरनं दिलं, की ओळख संपली. पुन्हा काही मागाल तेव्हा तुम्ही त्याला अनोळखी. म्हणून पहिल्याच भेटीत सर्व्हर एक बिल्ला देतो आणि ब्राउझर तो दर वेळी दाखवतो. बिल्ल्यामागची आठवण जपणं हे फ्रेमवर्कचं, म्हणजे आधीच उभ्या केलेल्या सांगाड्याचं काम.

भाच्यानं निवडलेला सांगाडा इंट्रावेबचा. २००२ च्या डेल्फी ७ सोबत तो मिळत असे. त्यात नेहमीसारखाच फॉर्म मांडायचा, त्यावर बटण ठेवायचं आणि बटण दाबल्यावर काय व्हावं ते पास्कलमध्ये लिहायचं. ब्राउझरला समजणारं पान सांगाडाच तयार करतो. घरी कुणी बटण दाबलं, की निरोप सर्व्हरवर जातो आणि तिथली पास्कलची ओळ चालते. जुना प्रोग्रामर खूश होतो तो इथंच, आणि फसतोही इथंच.

चाचणीच्या दिवशी मी माझा क्रमांक घातला, तर पडद्यावर दुसऱ्याच कुणाची पुस्तकं. वरती नाव शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंचं. मी झटकन पान बंद केलं. कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट. घरच्यांच्या नजरेआड कादंबरी वाचणारे सभासद आमच्याकडेही आहेत.

चूक भाच्यानं रात्री शोधली. जुना प्रोग्राम एका टेबलावर, एका माणसासाठी होता. 'सध्याचा सभासद' त्यानं साऱ्या प्रोग्रामला सामाईक अशा एकाच जागी ठेवला होता. टेबलावर ते चाललं. सर्व्हरवर तोच एक प्रोग्राम एकाच वेळी अनेकांसाठी चालतो आणि ती जागाही सगळ्यांची एकच राहते. बाईंचा क्रमांक माझ्या क्रमांकानंतर क्षणभरात तिथं पडला, नि माझ्या पानावर त्या आल्या. उपाय ऑब्जेक्टचाच निघाला. प्रत्येक बिल्ल्यामागे इंट्रावेब एक स्वतंत्र 'सेशन' ऑब्जेक्ट उभा करतो. सभासदाचा क्रमांक आणि डेटाबेसची जोडणी भाच्यानं उचलून तिथं ठेवली. ज्याची आठवण त्याच्या पुडक्यात.

याची किंमतही आहे. जितके लोक जोडलेले, तितकी पुडकी सर्व्हरच्या मेमरीत. गर्दी मोठी असेल तर हे जड पडतं. मग फ्री पास्कलसारख्या मोफत साधनानं दर मागणी सुटीसुटी हाताळणारा प्रोग्रामही लिहिता येतो, पण आठवण जपायची व्यवस्था आपल्याला जास्त पाहावी लागते. आमच्या वाचनालयाला तेवढी गर्दी कुठली!

शेवटी भाच्यानं पानावर 'बाहेर पडा' असं बटण ठेवलं. ते दाबलं की सेशन संपतो, पुडकं मोडतं. आमचे वयस्कर सभासद ते दाबायला हमखास विसरतात, म्हणून काही मिनिटं कुणी हललं नाही तर सर्व्हर स्वतःच ते काम उरकतो.