पहिली दहा मिनिटं

मागच्या भागात स्नायूंमधल्या ग्लायकोजेनबद्दल, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याबद्दल वाचलंत. हा साठा भरपूर असूनही ज्यांना तो वापरता येत नाही, अशांची गोष्ट आज.

१९५१ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलचे डॉ. ब्रायन मॅकआर्डल यांनी एका तीस वर्षांच्या रुग्णाचं वर्णन केलं. जरा श्रम झाले की त्याचे स्नायू दुखत आणि ताठत. डॉक्टरांनी त्याच्या हाताचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखून त्या हाताला व्यायाम करायला लावला. एरवी अशा वेळी ग्लायकोजेन फुटून रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड) झपाट्याने चढतं. याचं चढलंच नाही. ग्लायकोजेन फोडणारं फॉस्फोरिलेज हे एन्झाइमच अशा रुग्णांच्या स्नायूंत नसतं, हे १९५९मध्ये कळलं.

लॅक्टिक ॲसिडमुळे थकवा येतो, असं जिममध्ये आजही छातीठोकपणे सांगतात. मॅकआर्डलच्या या आजाराच्या रुग्णांत ते जवळजवळ तयारच होत नाही, तरी दमतात तेच सगळ्यांत आधी! ऊर्जा देणारं एटीपी वापरलं गेलं की एडीपी आणि फॉस्फेट उरतात. पुरवठा तोकडा पडून हे दोन्ही साचत गेले, की स्नायूचा जोर ओसरतो.

तरीही जोर लावत राहिलं तर मात्र खरं नुकसान होतं. भरलेला सिलिंडर जिन्यावरून चढवला, बंद पडलेली गाडी ढकलली, की गोळा येतो. हा गोळा रात्री पोटरीत येणाऱ्या गोळ्यासारखा नव्हे. त्या गोळ्यात नसांकडून विजेचे संदेश येत असतात. इथे हे संदेश मोजणाऱ्या यंत्रावर संदेश शून्य, आणि स्नायू मात्र दगडासारखा. आवळलेला स्नायू सैल व्हायलाही ऊर्जा लागते, आणि नेमकी तिचीच चणचण असते. मग पेशींची आवरणं फाटतात. स्नायूंतलं क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम रक्तात उतरतं, मायोग्लोबिन लघवीवाटे जातं आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. अशी लघवी दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, कारण मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एसजीओटी आणि एसजीपीटी स्नायूंच्या इजेनेही वाढतात. त्यामुळे काविळीची शंका घेऊन यकृताच्याच तपासण्या होत राहतात आणि मूळ आजार बाजूला राहतो.

पीटीच्या तासाला पहिल्या फेरीतच थांबणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. ‘दुखलं तरी पळ, सवय होईल’ हा सल्ला या आजारात घातक आहे. दुखू लागताच वेग कमी करायचा किंवा थांबायचं, हे त्या मुलाला घरच्यांनी आणि शिक्षकांनी हक्काने करू दिलं पाहिजे.

कारण पुढे एक विलक्षण गोष्ट घडते. सावकाश चालत राहिलं तर आठ-दहा मिनिटांत दुखणं ओसरतं, धडधड कमी होते आणि चाल सोपी होते. तोवर यकृतातली साखर आणि चरबीतली आम्लं रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोचलेली असतात. व्यायामाच्या पाच मिनिटं आधी सुमारे ३७ ग्रॅम साखर घेतली तर ही सुरुवात सुसह्य होते, असं अभ्यासांत दिसलं; पण रोज ऊठसूट घेतली तर वजन वाढेल. डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित, बेताचा चालण्याचा किंवा सायकलचा व्यायाम केला तर दम वाढतो. श्वास कोंडून जोर लावायची कामं मात्र दुसऱ्या कुणावर सोपवावीत.