कण्याची कैफियत : मोजणी कोठून करावी?

एमआरआयवर मणक्यांत दिसणाऱ्या बदलांच्या मोडिक यांनी केलेल्या वर्गीकरणाविषयी या आठवड्यात लिहावयाचे ठरले होते. परंतु बंगळूरच्या महादेवपुऱ्यातून, त्या व्हाइटफील्डकडच्या संगणक-कचेऱ्यांच्या मुलखातून, एका मराठी वाचकांचे पत्र आले आणि बेत फिरला. त्यांच्यापाशी वर्षभराच्या अंतराने केलेल्या दोन एमआरआय तपासण्यांचे अहवाल आहेत. पहिल्यात झिजलेली गादी एल-४ व एल-५ (कमरेचा चौथा व पाचवा मणका) यांच्या दरम्यान दाखविली आहे, तर दुसऱ्यात एल-५ व त्रिकास्थी यांच्या दरम्यान, आणि विकार एक मजला खाली उतरला की काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

गादी बहुधा जागच्या जागीच असावी आणि मोजणाऱ्यांनी निरनिराळ्या टोकांकडून मोजले असावे. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके हा हिशेब बहुतेकांना लागू पडतो; परंतु काही जणांत कमरेच्या शेवटच्या मणक्याचे पंख रुंदावून त्रिकास्थीशी सांधले जातात, तर काहींत त्रिकास्थीचाच पहिला खंड सुटा राहून सहाव्या मणक्यासारखा दिसतो. बर्टोलोट्टी या इटालियन वैद्याने अशा मणक्याचा कंबरदुखीशी संबंध १९१७ मध्येच मांडला, आणि कास्टेल्व्ही प्रभृतींनी १९८४ मध्ये त्याचे चार प्रकार पाडले. आता कमरेच्या एमआरआयच्या चौकटीत मान येत नाही. म्हणून वाचणारा त्रिकास्थीपासून वर मोजतो, आणि प्रारंभीचा दगडच संशयास्पद असला की पुढचे सारे क्रमांक एका घराने सरकतात. बाराव्या बरगडीचा आधार घ्यावा, तर तीही कधी खुरटी असते, कधी नसतेच. खात्रीचा मार्ग एकच : संपूर्ण कण्याचे एक ओझरते चित्र घेऊन मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली मोजीत येणे.

चतुःसीमा न लिहिलेले खरेदीखत जसे कज्जास आमंत्रण देते, तसाच क्रमांक कोठून मोजले हे न सांगणारा अहवाल. अनेक अहवालांतून हे एक वाक्य गाळले जाते, याचा मला मनस्वी संताप आहे. कारण शस्त्रक्रियेच्या मेजावर क्ष-किरणांच्या साहाय्याने शल्यविशारद बहुधा खालून मोजतो. अहवाल वरून मोजलेला असला आणि तसा शेरा नसला, तर निरोगी गादीवर सुरी चालण्याचा धोका खरा असतो. पायाच्या अंगठ्याची शक्ती किंवा घोट्याचा प्रतिक्षेप पाहून नस ओळखावी म्हटले, तर अशा रचनेत नसांचा नकाशाही कधी कधी सरकलेला असतो.

पत्रलेखकांनी दोन्ही तपासण्यांच्या तबकड्या (केवळ कागद नव्हेत) एकाच क्ष-किरणतज्ज्ञापुढे ठेवून मोजणीच्या तपशिलासह पुरवणी अहवाल मागावा. आणि वेदना नसलेल्या मंडळींतही अशी झीज आढळते हे ध्यानी ठेवून, झीज दिसली एवढ्यावरूनच शस्त्रक्रियेची घाई करू नये. मात्र लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मोजणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. मोडिक पुढील आठवड्यात.