बोट : एक शब्द, दोन घरे

वाचकहो, मालवणच्या किनाऱ्यावरील शाळेत गुरुजी म्हणाले, ‘मुला, बोट दाखव,’ तर मुलाने काय करावे? हात पुढे करावा, की खिडकीतून समुद्राकडे पाहावे? दोन्ही बरोबर!

हाताचे बोट आपले घरचे. ते बोट, ती बोटे, बोटाला, बोटात. पाण्यावरची बोट इंग्रजीतून आली. ती बोट, त्या बोटी, बोटीला, बोटीत. पाहिलेत ना? मराठीने या पाहुणीला स्त्रीलिंग दिले, प्रत्यय लावले आणि घरात घेतले. पुढे ‘आग’ जोडून ‘आगबोट’ही घडवली.

अर्थ मात्र बदलला. इंग्रजीत मोठ्या जहाजाला ‘शिप’ म्हणतात. ‘बोट’ बहुधा लहान. कोकणात झाले उलटे. लहान वाहनांना होडी, पडाव, मचवा अशी नावे आधीच होती. नवी होती ती धूर सोडणारी आगबोट, म्हणून नवा शब्द तिला मिळाला. मुंबईहून रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती गोव्याकडे जाई. मालवणला ती लांब उभी राही. उतारू पडावातून किनाऱ्याला येत. ‘बोट इली!’ म्हटले की मुंबईचा माणूस आला, मनीऑर्डरीवर जगणाऱ्या घरात आनंद झाला.

‘बोट लागली’ याचेही अर्थ दोन. एक, ती बंदराला आली. दुसरा, प्रवाशाला मळमळू लागले! त्याच धर्तीवर आज घाटात ‘गाडी लागते’.

आता काव्याकडे वळू. संतांच्या वाणीत भवसागर आहे, तो तरून जायला नाव आहे, तारू आहे. ‘नाव’ शब्दाचीही गंमत अशीच : ते नाव म्हणजे नाम, ती नाव म्हणजे होडी. पूर्वी नामाच्या ‘नांव’वर अनुस्वार देत, 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी तो गेला आणि दोन्ही शब्द सारखे दिसू लागले. देवाचे नाव हीच पैलतीरी नेणारी नाव, हे मराठी कानाला लगेच पटते.

पण काव्यातली नाव तारते, समुद्रावरची बोट कधी बुडतेही. आपल्या बोटींना संतांची नावे होती. 1927 साली ‘तुकाराम’ बुडाली. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी ‘बोट’ शब्द आला की त्यात आनंदाबरोबर थोडी धास्तीही असे.

ती प्रवासी बोट बंद झाली. 1998 पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. वस्तू गेली की तिच्याभोवतीचे बोलणेही हळूहळू जाते. तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना एक काम द्या. घरच्या आजोबा-आजीला विचारा, ‘तुम्ही बोटीने गेला होतात का?’ ते काय सांगतील ते त्यांच्याच मालवणीत वहीत उतरून घ्या. व्याकरणाचा धडा त्यातच होईल, आणि म्हातारी माणसे बोटाला धरून नातवंडांना त्या बोटीवर चढवतील.