विंचवाचं बिऱ्हाड, डिओचा गळा

दूरदर्शनच्या जमान्यात प्रक्षेपणात बिघाड झाला की आपल्याकडे पडद्यावर 'व्यत्यय'ची पाटी यायची. त्याच काळात फ्रान्समध्ये बेडूक यायचा! कार्टूनमधला, गिटार घेतलेला, भोवती प्राण्यांची जत्रा जमवून 'लव्ह इज ऑल' नावाचं गोडगोड गाणं गाणारा बेडूक. नेदरलँड्समध्ये तर हे गाणं थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. १९७४ साली त्या बेडकाला आवाज देणारा माणूस पाच वर्षांनी ब्लॅक सॅबथचा गायक झाला. हो, तोच ब्लॅक सॅबथ, काळ्या कपड्यांचा, क्रुसांचा, हेवी मेटलचा मूळपुरुष मानला जाणारा.

त्या माणसाचं नाव रॉनी जेम्स डिओ. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं याचं बिऱ्हाड गळ्यात होतं. अर्ध्या शतकात त्याने इतके बँड पाहिले की मोजताना हाताची बोटं अपुरी पडतात. मला मात्र त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तो ज्या ज्या बँडमध्ये गेला, तिथलं संगीत त्याच्या गळ्यासाठी नव्याने लिहावं लागलं. आधीच्या गायकाचे कपडे त्याने कधी अंगात घातलेच नाहीत.

आधी ट्रम्पेट, मग गळा

जन्म १० जुलै १९४२, पोर्ट्समथ, न्यू हॅम्पशर. लहानाचा मोठा झाला न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड या छोट्या गावात. खरं नाव रोनाल्ड जेम्स पडाव्होना, घर इटालियन वळणाचं. गाण्याची शिकवणी एकही नाही! लहानपणी हातात आलं ते ट्रम्पेट. वर्षानुवर्षं त्यात फुंकर घालताना श्वास कुठून घ्यायचा, किती साठवायचा आणि कसा थोडाथोडा सोडायचा, हे शरीरालाच कळून गेलं. आपल्याकडे ज्याला दमसास म्हणतात तो त्याने रियाजाच्या खोलीत नव्हे, पितळी वाद्यात कमावला. पुढे आयुष्यभर आपल्या आवाजाचं श्रेय तो त्या ट्रम्पेटलाच देत आला.

१९५७ साली शाळकरी पोरांचा बँड झाला, 'व्हेगास किंग्ज'. रॉनी त्यात बेस गिटार वाजवायचा. मग 'रॉनी अँड द रंबलर्स', मग 'रॉनी अँड द रेड कॅप्स', मग 'रॉनी डिओ अँड द प्रॉफेट्स'. दर एक-दोन वर्षांनी नवी पाटी.

'डिओ' हे आडनाव कुठून आलं? न्यूयॉर्कच्या जॉनी डिओ नावाच्या माफिया गुंडाकडून. इटालियनमध्ये 'डिओ' म्हणजे देव, आणि हा शब्द लॅटिनच्या वाटेने आपल्या 'देव' या शब्दाच्याच मुळाशी जाऊन मिळतो. म्हणजे एका गुंडाचं नाव घेऊन पोरगा थेट देवाच्या कुळात दाखल झाला.

प्रॉफेट्सचा १९६३ चा अल्बम आहे 'डिओ अ‍ॅट डॉमिनोज'. पिझ्झा डोळ्यांसमोर आणू नका. हे डॉमिनोज म्हणजे कॉर्टलंडमधलं एक रेस्टॉरंट होतं, आणि तिथल्या श्रोत्यांसमोर पोरं तेव्हाची लोकप्रिय गाणी गात होती. सुटाबुटातला, भांग पाडलेला डिओ! त्या काळचे त्याचे फोटो पाहिले की पुढच्या राक्षसांशी आणि ड्रॅगनशी याचा काही संबंध असेल यावर विश्वास बसत नाही.

बुटक्यांचा बँड

१९६७ मध्ये पाटी पुन्हा बदलली, 'इलेक्ट्रिक एल्व्ह्ज'. एल्फ म्हणजे युरोपी लोककथांमधला टोकदार कानांचा बुटका वनवासी. डिओची उंची साडेपाच फुटांच्याही आत होती, तेव्हा नाव चपखल बसलं. गिटारवर त्याच्या चुलत-मावस भावंडांपैकी एक, डेव्हिड फाइनस्टाइन. हे नाव लक्षात ठेवा.

१९६८ च्या फेब्रुवारीत कार्यक्रमाहून परतताना गाडीला अपघात झाला. दुसरा गिटारवादक निक पँटस गेला, बाकीचे जखमी झाले. पंचविशीतल्या पोरांनी अशा वेळी वाद्यं गुंडाळून घरी जाणं समजण्यासारखं होतं. ही पोरं बरी होऊन परत उभी राहिली. नाव आधी 'द एल्व्ह्ज' आणि मग नुसतं 'एल्फ' झालं.

तेव्हाच्या नावाजलेल्या डीप पर्पल या रॉक बँडच्या रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस यांनी त्यांना ऐकलं आणि १९७२ चा पहिला अल्बम स्वतः निर्माते म्हणून करून दिला. त्या अल्बमवर गायकाचं नाव 'रोनाल्ड पडाव्होना' असं छापलंय. आईवडिलांना आपलं खरं नाव एकदा तरी तबकडीवर दिसावं, म्हणून! मुखपृष्ठावरचा टोकदार कानांचा, भुतासारखा रंगवलेला एल्फही तोच.

डीप पर्पलच्या दौऱ्यांत आधी एल्फ वाजवायचा, नंतर मुख्य बँड. रोज रात्री विंगेत उभं राहून एक माणूस डिओचा गळा ऐकत होता, डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर.

एका नाकारलेल्या गाण्याची गोष्ट

ब्लॅकमोरला 'ब्लॅक शीप ऑफ द फॅमिली' हे दुसऱ्या एका बँडचं गाणं करायचं होतं. डीप पर्पलमधल्या सहकाऱ्यांनी नको म्हटलं. त्याने डिओला बोलावून ते बाहेरच ध्वनिमुद्रित केलं. जोडीला दुसरं गाणं हवं म्हणून दोघांनी मिळून एक नवं गाणं लिहिलं, ते त्याला पहिल्यापेक्षाही आवडलं. मग अख्खा अल्बमच झाला आणि १९७५ मध्ये ब्लॅकमोरने डीप पर्पल सोडलाच. एका नकारातून नवा बँड जन्मला. त्याचं नाव पडलं 'रेनबो', हॉलिवूडमधल्या 'रेनबो बार अँड ग्रिल' या अड्ड्यावरून.

पहिल्या अल्बममध्ये गिटारवादक सोडून जवळजवळ अख्खा एल्फ होता. काही महिन्यांत डिओ सोडून सगळे बाहेर! ब्लॅकमोर माणसं अशी बदलायचा जशा गिटारच्या तारा.

१९७६ चा 'रायझिंग' मात्र सोनं आहे. जेमतेम सहा गाणी, चौतीस मिनिटांच्या आत संपतो. त्यातलं 'स्टारगेझर' साडेआठ मिनिटांचं. एक मांत्रिक वाळवंटात हजारो गुलामांकडून दगडांचा मनोरा बांधून घेतो. म्हणतो, यावरून मी ताऱ्यांकडे उडेन. उडतो आणि कोसळतो. गाणं गातो तो मांत्रिक नव्हे, तर ज्याने दगड वाहिले तो गुलाम. मागे म्युनिक फिलहार्मॉनिकचा वाद्यवृंद, पुढे कोझी पॉवेलचे ड्रम, आणि शेवटच्या दोन मिनिटांत डिओ एका टिपेच्या सुरावरून दुसऱ्यावर असा जातो की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो. रॉक गायनाची इयत्ता कुठवर जाऊ शकते, असं मला कुणी विचारलं तर मी हेच गाणं लावून देतो. पुढचं गाणं 'अ लाइट इन द ब्लॅक' हीच गोष्ट पुढे नेतं: मांत्रिक मेला, आता गुलामांनी जगायचं कशासाठी?

'रायझिंग'च्या दौऱ्यात मंचावर विजेच्या दिव्यांचं भलंमोठं इंद्रधनुष्य असायचं, सुमारे ३,००० दिव्यांचं, संगणकावर चालणारं. दिसायला झकास, पण त्याची घरघर थेट गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उतरायची.

१९७८ च्या 'लाँग लिव्ह रॉक अँड रोल'नंतर ब्लॅकमोरला रेडिओवर चालणारी, प्रेमाची गाणी हवी झाली. वॉल्टर स्कॉट आणि आर्थर राजाच्या कथा वाचून वाढलेल्या डिओला किल्ले, जादूगार आणि प्रवासी हवे होते. बिऱ्हाड हललं.

ऑझीच्या जागी? छे!

१९७९ मध्ये ब्लॅक सॅबथने आपला गायक ऑझी ऑझबर्नला काढलं. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी आणि डिओ भेटले, आयोमीने एक अर्धवट राहिलेली धून वाजवली, आणि डिओने त्यावर तिथेच चाल बांधली. ते गाणं 'चिल्ड्रन ऑफ द सी'. सुरुवातीच्या तालमींना बेसवादक गीझर बटलर नव्हता, तर बेसही डिओनेच वाजवला. व्हेगास किंग्जमधली कामगिरी वीस वर्षांनी उपयोगी पडली.

इथला सांगीतिक फरक कान देऊन ऐकण्यासारखा आहे. ऑझीच्या काळातलं 'आयर्न मॅन' घ्या. गिटार जी धून वाजवते, त्याच वाटेने गळा जातो, बोट धरून. डिओ तसा जात नाही. गिटार खाली आपली धून घोटत राहते आणि गळा वरून आडवा, स्वतःची चाल घेऊन निघतो. त्यामुळे आयोमीला मोकळे सूर, नवे कॉर्ड वापरता आले. १९८० चा 'हेवन अँड हेल' म्हणूनच जुन्या सॅबथची पुढची आवृत्ती वाटत नाही, त्याच माणसांचा दुसरा बँड वाटतो. मुखपृष्ठावर सिगारेट ओढणाऱ्या देवदूती आहेत. ते लिन कर्लीचं चित्र, आणि ते सुचलं १९२८ च्या एका छायाचित्रावरून: कॉलेजच्या कार्यक्रमात पंख लावलेल्या मुली पडद्यामागे झुरके मारताहेत.

आणि आता तो हात. ऑझी श्रोत्यांना दोन बोटांची शांततेची खूण करायचा. डिओला ती उसनी घ्यायची नव्हती. त्याला आठवली इटालियन आजी. रस्त्यात कुणाची वाईट नजर लागेलसं वाटलं की ती तर्जनी आणि करंगळी उभी करून मधली बोटं अंगठ्याने दाबायची. त्या नजरेला इटालियनमध्ये 'मालोक्यो' म्हणतात. आपली आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून जे करते, तेच तिने बोटांनी केलं, दृष्ट काढली! बौद्ध मूर्तींमधली करण मुद्राही जवळजवळ अशीच आणि तीही दुष्ट शक्तींना पिटाळण्यासाठी. लोकांनी मात्र याच खुणेला सैतानाची शिंगं ठरवलं. मुंबईच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक'ला हजारो पोरांनी जे हात वर केले, ते खरं तर एका आजीचे होते. ही खूण मी शोधली असा दावा डिओने कधी केला नाही. तो नेहमी आजीचंच नाव घ्यायचा. २०१७ मध्ये 'किस' या बँडच्या जीन सिमन्सने या खुणेसारख्याच एका खुणेवर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला, आणि इतका आरडाओरडा झाला की दोन आठवड्यांच्या आत अर्ज मागे घेतला.

सॅबथचा 'लाइव्ह ईव्हिल' हा अल्बम इंग्रजीत उलटा वाचला तरी 'लाइव्ह ईव्हिल'च राहतो. त्याच्याच मिश्रणावरून, कुणाचा आवाज वर आणि कुणाचा खाली यावरून, १९८२ मध्ये भांडण पेटलं आणि डिओ बाहेर पडला.

चाळिशीत स्वतःचं घर

बँडचं नाव आता नुसतं 'डिओ'. गायक चाळीस वर्षांचा, गिटारवादक बेलफास्टचा व्हिव्हियन कॅम्पबेल वीस वर्षांचा. सॅबथमधून ड्रमर विनी अपिसी सोबत आला, रेनबोमधला जिमी बेन बेसवर. मे १९८३ मध्ये 'होली डायव्हर' आला. त्यातलं 'रेनबो इन द डार्क' डिओला इतकं गुळगुळीत वाटलं की ध्वनिफितीवर ब्लेड चालवायला तो निघाला होता. सोबत्यांनी हात धरला. आज त्याचं नाव घेतलं की आधी तेच गाणं आठवतं!

१९८५ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी अमेरिकेतले मोठमोठे गायक एकत्र आले, पण त्यात मेटलवाले नव्हते. कॅम्पबेल आणि बेनला ते खटकलं. डिओने पुढाकार घेतला आणि हॉलिवूडमध्ये मेटलचे ४० कलाकार जमवून 'स्टार्स' हे गाणं केलं. एकामागून एक गिटारवादक येतो, आपले काही सूर वाजवतो, पुढच्याला जागा देतो. वर्षभरात दहा लाख डॉलर जमले.

पुढे कॅम्पबेल गेला, बेन गेला, अपिसी गेला. १९९० च्या अल्बमसाठी विशीही न गाठलेला रोवन रॉबर्टसन गिटारवर आला. १९९२ मध्ये डिओ पुन्हा सॅबथमध्ये, एका अल्बमपुरता. कॅलिफोर्नियात ऑझीच्या निरोपाच्या कार्यक्रमाआधी वाजवायचं ठरलं तेव्हा त्याने साफ नकार दिला. त्या दोन रात्री जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड गायला. डिओ आपल्या बँडकडे परतला.

२००६ मध्ये तेच चौघं, डिओ, आयोमी, बटलर आणि अपिसी, तिसऱ्यांदा जमले. ब्लॅक सॅबथ म्हटलं की लोकांना ऑझी अपेक्षित, म्हणून बँडला नाव दिलं 'हेवन अँड हेल'. आपल्याच जुन्या अल्बमचं नाव बँडला! पासष्टीच्या आसपासचा डिओ त्या दौऱ्यात असा गायला की 'ही गाणी थोडी खालच्या पट्टीत घेऊ' म्हणायची गरज कुणाला पडली नसावी. २९ ऑगस्ट २००९ ला अटलांटिक सिटीत त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. नोव्हेंबरमध्ये पोटाच्या कर्करोगाचं निदान झालं, आणि १६ मे २०१० ला ह्यूस्टनमध्ये तो गेला.

त्याच वर्षी बल्गेरियात काळ्या समुद्राकाठच्या कावार्ना या गावाने त्याचा पुतळा उभारला. कॉर्टलंडमध्ये 'डिओ वे' नावाची गल्ली तर १९८८ पासूनच आहे.

आणि तो डेव्हिड फाइनस्टाइन आठवतोय? एल्फचा गिटारवादक, डिओचा भाऊ. डिओ गेल्यानंतर २०१० मध्येच फाइनस्टाइनचा 'बिटन बाय द बीस्ट' हा अल्बम आला. त्यातल्या 'मेटल विल नेव्हर डाय' या गाण्यात गिटार फाइनस्टाइनची आहे आणि गळा रॉनीचा.