अंगठ्याचे मोल

एकलव्याची कथा आमच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. गुरूने मागितला आणि शिष्याने उजव्या हाताचा अंगठा कापून दिला, एवढी ती कथा. वर्गात ती शिकविताना आम्ही गुरुभक्तीवर बोलतो, त्यागावर बोलतो. परंतु त्या अंगठ्याबरोबर एकलव्याचे काय काय गेले, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. तो मांडण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी आमच्यावर आला.

आमच्या नववीच्या वर्गातील एक हुशार मुलगा श्रावणाच्या सुमारास एकाएकी शाळेत येईनासा झाला. चौकशीसाठी त्याच्या घरी गेलो, तो ओसरीवर त्याचे वडील हात गळ्यात बांधून बसलेले. ते एका लाकूड कापण्याच्या गिरणीत कामाला होते. फिरत्या करवतीवरची संरक्षक जाळी मोठे ओंडके घालताना आड येते म्हणून मुकादमाने ती काढून ठेवविली होती. दोन आठवडे ती भिंतीला टेकून उभी होती. एके दिवशी दुपारी ओंडका उसळला आणि उजव्या हाताचा अंगठा गेला. मालकाने इस्पितळाचा खर्च केला, वर काही हजार रुपये घरी पाठविले, आणि सोबत एक कोरा कागद पाठविला. त्यावर सही हवी होती. उजवा हात बांधलेला, तेव्हा डाव्या हाताचा अंगठा उठवा, असा निरोप होता. मुलगा दुसऱ्या दिवसापासून बाजारातील एका दुकानात राबू लागणार होता.

"नशिबांत आशिल्लें तें जालें, मास्तर," घरची बाई म्हणाली. आणि आम्ही, पदवीधर म्हणविणारे, काय बोललो? "मालक भला दिसतो. देतो ते घ्या आणि मोकळे व्हा." हे आमचे शब्द पुढे कित्येक दिवस आम्हाला टोचत राहिले. कारण त्याच सायंकाळी आमच्या एका वकील स्नेह्याला ही हकीकत सांगितली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "त्या घरचा हक्क तुम्ही दान म्हणून घ्यायला सांगून आलात." आम्ही तसेच उलटपावली परत गेलो. सुदैवाने कागद अजून कोराच होता.

त्या निमित्ताने आम्ही जे शिकलो, ते विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्या शाळेतील कित्येकांचे आईवडील कारखान्यात, गोदीत, बांधकामावर वा वर्कशॉपमध्ये काम करतात. त्यांच्या उपयोगी पडेल असे ज्ञान आपल्या पाठ्यपुस्तकांत थोडेच आढळते.

कायदा काय देतो हे कळण्यासाठी, तो नव्हता तेव्हा काय होत असे हे प्रथम पाहिले पाहिजे. इंग्लंडात १८३७ साली एक खटला गाजला. एका खाटकाचा नोकर मालकाच्या गाडीतून माल घेऊन चालला होता. गाडीत वाजवीपेक्षा अधिक ओझे भरले होते. ती मोडली आणि नोकराच्या मांडीचे हाड मोडले. ज्यूरीने त्यास शंभर पौंड देवविले. परंतु वरिष्ठ न्यायालयाने ते रद्द केले. नोकराने धोका ओळखून काम पत्करले आहे, आणि सोबतच्या नोकराच्या चुकीबद्दल धन्याला जबाबदार धरता येणार नाही, असा या निर्णयाचा मथितार्थ झाला. पुढे कामगाराने दावा आणला की मालकाच्या हाती तीन ढाली तयारच असत : चूक सहकाऱ्याची आहे, धोका तू जाणूनबुजून पत्करलास, आणि थोडी चूक तुझीही आहे. या तिन्ही ढाली भेदून न्याय मिळविणारा मजूर विरळाच. आमच्या गिरणीतील प्रकरण त्या काळी चालले असते, तर मुकादम हाही एक नोकरच, म्हणून मालक सहज सुटला असता.

हा अन्याय आपल्याकडे प्रथम कोणी बोलून दाखविला, हे प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास ठाऊक असावे. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा, या त्यातील मागण्या सर्वांना आठवतात. त्याच निवेदनात आणखीही एक मागणी होती : काम करताना जबर जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य सोय व्हावी. आठवड्याची सुट्टी १८९० साली मिळाली. दुसऱ्या मागणीस मात्र आणखी तीन तपे वाट पाहावी लागली.

दरम्यान जर्मनीने १८८४ साली अपघात-विम्याचा कायदा केला, इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा कायदा केला. आपल्या देशात १९२३ साली 'कामगार नुकसानभरपाई कायदा' संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. मध्यवर्ती विधिमंडळात त्या काळी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी बसत असत. पुढे २००९ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या नावातील 'कामगार' या शब्दाच्या जागी 'कर्मचारी' हा शब्द आला. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नाव बदलले, अधिकाऱ्याचे पदनाम बदलले. पायाभूत तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

ते तत्त्व कोणते? नोकरीमुळे आणि नोकरी करीत असताना अपघात होऊन इजा झाली, की भरपाई देणे मालकास बंधनकारक आहे. चूक कोणाची, हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामगाराचे क्षणभर दुर्लक्ष झाले असले तरी त्याचा हक्क बुडत नाही. अपवाद थोडे आहेत. कामगार दारूच्या वा अन्य नशेत असेल, सुरक्षेसाठी दिलेली स्पष्ट आज्ञा त्याने बुद्धिपुरस्सर मोडली असेल, किंवा संरक्षक साधन स्वतः हेतुपूर्वक काढून टाकले असेल, आणि त्यामुळेच इजा झाली असेल, तर मालकास नकार देता येतो. परंतु मृत्यू आला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर हे अपवादही लागू होत नाहीत. आमच्या प्रकरणात मालकाच्या माणसांनी प्रथम हेच सुचवून पाहिले, की जाळी यानेच काढली. ती मुकादमाच्या सांगण्यावरून निघाली, हे शेजारच्या करवतीवरील दोघा सोबत्यांनी सांगितले आणि ते बालंट टळले.

आता हिशेब पाहू. गणिताच्या तासाला शोभेल असाच तो आहे. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाचे शेकडा ६० घ्यावयाचे आणि त्यास वयाप्रमाणे ठरविलेल्या अंकाने गुणावयाचे. वय कमी तितका अंक मोठा. कारण कमाईची वर्षे अधिक बुडतात. १९२३ च्या कायद्याच्या तक्त्यात ४० वर्षे वयासाठी हा अंक १८४.१७ आहे. समजा, चाळीस वर्षांच्या माणसाचे वेतन महिना १२,००० रुपये आहे. त्याचे शेकडा ६० म्हणजे ७,२००. यास १८४.१७ ने गुणिले असता १३,२६,०२४ रुपये होतात. ही संपूर्ण अपंगत्वाची रक्कम. एखादा अवयव गेल्यास कमाईची शक्ती किती घटते याचेही कोष्टक कायद्यास जोडलेले आहे. त्यात अंगठ्यापुढे ३० हा आकडा आहे. तेव्हा वरील रकमेचे शेकडा ३०, म्हणजे सुमारे ३,९७,८०७ रुपये. कोऱ्या कागदाच्या बदल्यात जे काही हजार येणार होते, त्यांच्याशी हा आकडा ताडून पाहावा! इस्पितळाचा खर्च मालकाने केला असल्यास तो यातून वजा होत नाही. मृत्यू झाल्यास शेकडा ६० च्या ठिकाणी ५० धरतात, आणि इजा तात्पुरती असेल तर वेतनाचा चौथा हिस्सा दर पंधरवड्यास मिळतो.

कोष्टकातील आकडा हा नेहमीच शेवटचा शब्द असतो असेही नाही. ओरिसातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. उजवा हात शाबूत होता. परंतु एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्णच मानले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, निकाल लागेपर्यंत थांबण्याचा अधिकार मालकास नाही, हेही न्यायालयाने त्याच वेळी स्पष्ट केले. महिन्याच्या आत रक्कम न दिल्यास व्याज, आणि सबळ कारण नसल्यास निम्म्या रकमेपर्यंत दंड, अशी तरतूद कायद्यात होतीच.

येथे एक शंका निघेल. चूक पाहावयाचीच नाही, तर ज्याने हयगय केली त्याला जाब कोण विचारणार? त्यासाठी दुसरे दार आहे, ते दिवाणी न्यायालयाचे. सुरक्षित जागा, सुस्थितीतील यंत्रे, जाणते सहकारी आणि कामाची धोकारहित पद्धत पुरविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्यात कसूर झाली हे सिद्ध केल्यास कोष्टकापलीकडचे नुकसान, सोसलेल्या वेदनादेखील, हिशेबात धरता येतात. सहकाऱ्याच्या चुकीची जुनी ढाल आपल्याकडे १९३८ च्या कायद्याने काढून घेतली आहे. मात्र या वाटेने पुरावा अधिक लागतो आणि वर्षेही अधिक जातात. शिवाय एकाच अपघातासाठी मालकाकडून दोन्ही दारांनी मागता येत नाही. एक निवडावे लागते. म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी जाणत्याचा सल्ला घ्यावा. ज्या कामगारांचा राज्य विमा योजनेत विमा उतरलेला असतो, त्यांना भरपाई मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळते. आधी तेच विचारून घ्यावे.

अपघात झालाच तर काय करावे? प्रथम उपचार, आणि उपचाराच्या वेळीच इजा कोठे व कशी झाली हे इस्पितळाच्या कागदावर खरे लिहवून घ्यावे. "घरी पडलो" असे सांगण्याचा आग्रह कोणी केल्यास तो मानू नये. मालकास लेखी सूचना द्यावी आणि तिची नक्कल जपावी. पगाराची पावती, हजेरीची नोंद, पाहणाऱ्या सोबत्यांची नावे एकत्र करावी. कंत्राटदाराकडे कामाला असल्यास कच खाऊ नये. ज्याच्या धंद्याचे काम चालले होते त्या मूळ मालकाकडेही मागता येते. "भरपाई मागणार नाही" असे आधी लिहून घेतलेले असले तरी ते कायद्याने निरर्थक आहे. जुन्या कायद्याने अर्जास दोन वर्षांची मुदत ठेवली होती. पण दोन महिनेही दवडू नयेत, कारण सोबती गाव सोडून जातात आणि कागद गहाळ होतात. वकिलाच्या खर्चाचे भय वाटत असेल, तर १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगारास, तसेच स्त्रियांना, विनामूल्य कायदेसाहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. आणि मृत्यूच्या प्रकरणी भरपाई परस्पर विधवेच्या हाती न देता अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. ही तरतूद अविश्वासाची वाटेल, पण दुःखाच्या घाईत तिला कोणी फसवू नये यासाठीच ती आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा अर्ज विनामूल्य साहाय्यानेच दाखल झाला. तारखा पडल्या, माणसे थकली, मध्यंतरी त्या गृहस्थांनी "पुरे झाले" असेही दोनदा म्हटले. चौदा महिन्यांनी रक्कम मिळाली. मुलाचे एक वर्ष वाया गेले ते गेलेच. पण पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा वर्गात येऊन बसला. वडील आता गावातच लहानसे दुकान चालवितात. पावती डाव्या हाताने लिहितात. अक्षर वळणदार नाही, परंतु वाचता येते.

अंगठा काही परत आला नाही. कोणताही कायदा तो परत देऊ शकत नाही, आणि रुपयांत केलेले त्याचे मोल अपुरेच असणार. मात्र त्या प्रकरणानंतर गिरणीतील प्रत्येक करवतीवर जाळी बसली आणि ती आजही जागेवर आहे, असे ते सोबती सांगतात. हानीची किंमत मोजावी लागते हे कळले, की काळजी घेणे स्वस्त वाटू लागते. एकाने मागितलेला हक्क असा दुसऱ्या दहांच्या हातांचे रक्षण करतो. एकलव्याने अंगठा दिला तो आपल्या इच्छेने. आपल्या आईबापांचा अंगठा कोणाच्या हयगयीने जाऊ नये; आणि गेलाच, तर उरलेला अंगठा कोऱ्या कागदावर उठू नये, इतके तरी आपल्या शिक्षणाने साधावे.