अर्धी गोळी

विंचू चावलेला माणूस बोंबलत दवाखान्यात आला की मला निम्मा दिलासा मिळायचा. भीती वाटायची ती गप्प बसलेल्याची. अंगावरचा सदरा घामाने पिळून काढण्याइतका भिजलेला, दोन-तीन उलट्या झालेल्या, हातपाय गारठलेले, आणि ‘दुखतंय का रे?’ विचारलं तर ‘थोडं थोडं’ म्हणणारा. त्याच्यासोबत आलेली मंडळी मात्र निर्धास्त असायची. फारसं दुखत नाही म्हणजे विंचू उतरला, असा त्यांचा हिशेब.

महाड-पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यांत मी औषधनिर्माता होतो. कागदावर औषधनिर्माता, वाड्यावस्त्यांवर ‘कंपौंडर भाऊ’. रोग ओळखणं हे माझं काम नव्हतं. पण खिडकीत बसून बाहेरच्या बाकावर कोण कसा बसलाय हे डॉक्टरांच्या आधी मला दिसायचं, आणि विंचवाच्या बाबतीत तेवढं दिसणं पुष्कळ असतं.

आमच्याकडे दोन जातींचे विंचू लोकांना माहीत. मोठी काळी इंगळी, जिला बघूनच माणूस मागे सरतो, आणि बोटभर लांबीचा लालसर विंचू, जो नीट दिसतही नाही. जीव घेणारा हा दुसरा. जांभ्याच्या भिंतीच्या फटीत, कौलांखाली, सरपणात, पेंढ्यात, दाराशी काढून ठेवलेल्या चपलेत तो बसलेला असतो. उन्हाळा तापला की बाहेर पडतो, भातकापणीच्या दिवसांत पुन्हा भेटतो. मोठ्या माणसाला चावला तर बहुतेक वेळा रात्रभराच्या कळांवर निभावतं. तेच विष दहा-बारा किलोच्या पोरात गेलं की गोष्ट वेगळी.

मांत्रिकांचं बस्तान बसलं ते या ‘बहुतेक वेळा’मुळेच. माझे एक चुलत आजोबा विंचू उतरवायचे. पैसे घेत नसत, नारळसुद्धा नाही. मनाने फार चांगला माणूस. शंभरातल्या कितीतरी जणांच्या कळा दिवसभरात आपोआप ओसरतात आणि त्याचं श्रेय मंत्राला जातं, हे त्यांना कोण सांगणार? जी पोरं गेली, त्यांचं ‘आयुष्यच तेवढं होतं’. दवाखान्यांनीही फार वरचढ काही केलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. पूर्वी विंचवावर अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, कधी अॅट्रोपिन अशी इंजेक्शनं टोचली जायची. अॅट्रोपिनने आधीच उधळलेलं हृदय आणखी उधळतं. गंभीर लक्षणं झालेल्यांपैकी शंभरातले तीसेक तरी दगावायचे. तोंडाला गुलाबी फेस येऊन, स्वतःच्याच फुप्फुसात साठलेल्या पाण्यात बुडाल्यासारखे.

1976 साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे, गरिबीतून नागपूरला शिकून आलेले. लाल विंचवाच्या विषाने हृदयाचं नेमकं काय होतं, हे त्यांनी शिकलेल्या पुस्तकांत धड नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते ऐकायला फार साधं आहे. रोग्याजवळ बसून राहिले. रक्तदाब, नाडी, घाम, उलटी, हातापायांची ऊब, काय कधी सुरू झालं आणि कधी थांबलं, सगळं लिहीत गेले. ती निरीक्षणं 1982 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता ही हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यातून जगाला कळलं. दवाखान्यात यंत्रं नसताना ही लक्षणं म्हणजेच यंत्र. सरकारी आरोग्य केंद्रातला डॉक्टर म्हणजे लसीकरणाचे आणि शस्त्रक्रियांचे आकडे भरणारा माणूस, असं मानणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्यावर शहरात दवाखाना थाटणं त्यांना सोपं होतं. ते परत आले, पोलादपूरला.

विष करतं काय, तर शरीरातल्या मज्जातंतूंना चेकाळून सोडतं. अॅड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तात एकदम ओतली जातात आणि रक्तवाहिन्या आवळतात. पाण्याचा पंप चालू ठेवून पुढचा नळ कुणी घट्ट बंद केला तर पंपाचं जे होईल, ते हृदयाचं होतं. जोर लावून लावून ते थकतं आणि रक्तातलं पाणी मागे फुप्फुसांत साठतं. म्हणजे औषध हवं ते नळ सैल करणारं. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइडचं सलाइन वापरलं. गुण आला, पण ते औषध थेंबाथेंबावर नजर ठेवून द्यावं लागतं. प्रत्येक केंद्रात रात्रभर तशी नजर ठेवणारं माणूस कुठून आणायचं? मग त्यांचं लक्ष गेलं प्रॅझोसिनकडे. रक्तदाबासाठी बाजारात असलेली ही साधी गोळी रक्तवाहिन्या सैल करते, विषाच्या नेमकी उलट्या दिशेने. पोलादपूरला 1983च्या सुमारास तिचा वापर सुरू झाला आणि 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची हकिकत आली. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करही या कामात बरोबरीने होत्या. जिथे शंभरात तीस जायचे, तिथे वेळेत आलेल्यांत एखादाच जाऊ लागला. 2022 साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

मात्रा वजनावर ठरते: किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. पंधरा किलोच्या पोराला साडेचारशे मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीतली जेमतेम अर्धी. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. ही अर्धी गोळी मी कितीदा तरी ब्लेडने कापून दिली आहे. आणि दर वेळी एक सूचना, तीही पोराला सोडून आईला: ‘ताई, उचलून कडेवर घ्यायचं नाही.’ पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब झपकन उतरू शकतो, म्हणून पोर आडवंच ठेवायचं. रडणारं पोर समोर असताना आईला हे सांगणं, मंत्र नाकारण्यापेक्षा अवघड. आणि हो, ही गोळी घरच्या डब्यात ठेवून आपल्या मनाने द्यायची नाही. कुणाला, कधी, किती, हे रक्तदाब बघूनच ठरतं.

पुढे हाफकिन संस्थेची विंचवाच्या विषावरची प्रतिविष-लसही आली. महाडच्या बावस्कर रुग्णालयात 70 रोग्यांवर तुलना झाली. ती 2011 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लस आणि गोळी दोन्ही दिलेल्यांपैकी 91 टक्के दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवर 23 टक्के. लस उत्तम, यात वाद नाही. पण ती असेल तेव्हा ना. शिवाय ती शिरेतून द्यायची, त्यासाठी सुई लावणारा हात हवा. गोळी खिशातून नेता येते.

जगभरात वर्षाला बारा लाखांवर लोकांना विंचू चावतो आणि सव्वातीन हजारांच्या आसपास माणसं मरतात, असा 2008 सालचा अंदाज आहे. सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. भारतात सापाने वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास माणसं जातात, त्यामानाने ते उशिराच झालं. विंचवाकडे तर तेवढंही कुणी वळून पाहिलं नाही. विंचू चावतो तो अनवाणी चालणाऱ्याला, जमिनीवर झोपणाऱ्याला. असा माणूस मोठ्या औषध कंपन्यांचं गिऱ्हाईक नव्हे.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. या गोळीच्या उपायाचा शोध लागून चाळीस वर्षं झाली, म्हणजे प्रश्न सुटला असं वाचकाला वाटेल. औषधाच्या कपाटापाशी बसलेल्याला तसं वाटत नाही. एका केंद्रात मी बदलून गेलो तेव्हा फडताळात प्रॅझोसिन होती, पण सावकाश विरघळणारी. रक्तदाबाच्या जुन्या रोग्याला ती सोयीची. विंचवाला चालत नाही, तिथे औषध पटकन रक्तात उतरायला हवं, आणि तसली गोळी अर्धी करून देणंही बरोबर नाही. नोंदवहीत मात्र ‘प्रॅझोसिन: शिल्लक’ असंच लिहिलेलं. तपासणीला येणारा साहेब शिल्लक बघून सही करतो.

दुसरी भानगड मुदतीची. विंचवाचे रोगी वर्षभर सारखे येत नाहीत. हिवाळ्यात चार महिने गोळ्यांच्या पट्टीला कुणी हात लावत नाही, मग ‘खपत नाही’ म्हणून पुढच्या मागणीतून नाव गळतं आणि मे महिन्यात ऐन गरजेला डबा रिकामा. रात्री दोनला वाडीवरून डोलीत उतरवलेल्या पोराला ‘महाडला न्या’ सांगणं म्हणजे आणखी तास-दीड तास घालवणं. 2014पासून 108ची गाडी मिळते, पण तीही डांबरी रस्त्यापर्यंतच.

म्हणून मी मागणीपत्र फेब्रुवारीतच पाठवायचो, आणि प्रॅझोसिनपुढे लाल शाईने ‘साधी, 1 मि.ग्रॅ.’ लिहायचो. वर्षाअखेरीस काही पट्ट्यांची मुदत संपायची. त्या फेकल्याबद्दल एकदा माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. न वापरलेल्या गोळ्यांची किंमत मी चहाच्या खर्चाशेजारी मांडून पाठवली, त्यावर पुन्हा पत्र आलं नाही. निवृत्तीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्या देताना माझ्या जागी आलेल्या मुलीने विचारलं, ‘काका, हे लाल शाईचं कशाला?’ तिला तिथेच बसवून तासभर सांगितलं. यंदा मार्चमध्ये तिचा फोन आला: माल आलाय, पण सावकाश विरघळणारा, परत पाठवू का? म्हटलं, आजच पाठव, आणि पावतीवर तारीख घालून घे.