केट्याची नसबंदी: करायची का, आणि करायची तर कधी?

हॉस्टेलमध्ये कुठल्याही विषयावर दोन पार्ट्या पडायला पाच मिनिटं पुरतात. कुत्र्याच्या नसबंदीचा विषय निघाला की मात्र आधी सगळेच हसतात. हसून झालं की एक पार्टी म्हणते, "कशाला त्या मुक्या जीवाचे हाल?" आणि दुसरी म्हणते, "सरसकट सगळ्यांची करून टाका, रात्री झोप तरी लागेल!" गंमत अशी की या ऑपरेशनने काय होतं आणि काय होत नाही, हे दोन्हीकडे कुणाला विचारलं तर उत्तर येत नाही. मला ते शोधावं लागलं केट्यामुळे.

केट्या म्हणजे आपल्या मेसमागे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या पिल्लांपैकी एक. निकाल लागले त्याच आठवड्यात तो धडपडत कॉरिडॉरमध्ये आला, म्हणून नाव केट्या. दोन महिन्यांचा झाल्यावर मेसमधल्या मामांनी त्याला कुरुळीला आपल्या घरी नेलं. घर हायवेजवळ, कंपाउंड नाही, मामा दिवसभर मेसवर आणि मामी कंपनीत शिफ्टला. केट्या सात महिन्यांचा झाला तेव्हा मामा म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर लोकं, जरा वाचून सांगा. याचं ऑपरेशन करू का नको? आणि करायचं तर आत्ता का नंतर?" मग मी वाचलं, दोन पशुवैद्यांना भेटलो. त्यातून जे कळलं ते इथे देतोय. चाकण-भोसरी पट्ट्यात रूम घेऊन राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे असा एखादा केट्या आहेच.

ऑपरेशन म्हणजे नक्की काय?

'नसबंदी' हा शब्द आपण माणसांकडून उसना घेतला आहे आणि घोटाळा तिथेच होतो. पुरुषाच्या नसबंदीत फक्त शुक्राणू नेणारी नळी बंद करतात; वृषणं जागेवर राहतात, हार्मोन चालू राहतं. कुत्र्याची मात्र सहसा दोन्ही वृषणं काढतात. म्हणजे गावाकडचा शब्द वापरायचा तर खच्ची करणं. महापालिकेच्या कागदावर त्यालाच 'निर्बीजीकरण' म्हणतात. यात पिल्लं होणं तर थांबतंच, पण टेस्टोस्टेरॉनचा कारखानाही बंद पडतो.

कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना हे लगेच कळेल. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सिग्नल देतो, पिट्युटरी एलएच नावाचं हार्मोन सोडते, त्यावर वृषणं टेस्टोस्टेरॉन तयार करतात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढलं की वरचा सिग्नल कमी होतो. सरळ सरळ निगेटिव्ह फीडबॅक! ऑपरेशननंतर प्लँटच काढून टाकला जातो, फीडबॅक येत नाही, म्हणून एलएच कायम चढलेलं राहतं आणि टेस्टोस्टेरॉन थोड्याच दिवसांत जवळजवळ शून्यावर येतं. वागण्यातला फरक दिसायला मात्र काही आठवडे, कधी काही महिने जातात. आणखी एक गोष्ट: नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. त्यामुळे ऑपरेशननंतर महिनाभर तरी त्याला माजावरच्या कुत्रीपासून लांब ठेवायचं.

काय बदलतं, काय बदलत नाही?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९९७ साली खच्ची केलेल्या ५७ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घर सोडून भटकणं, अंगावर चढणं आणि घरात जागोजागी मुतणं या तीन सवयी ६० टक्क्यांहून जास्त कुत्र्यांमध्ये निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. माणसांवर धावून जाण्यात मात्र असा फरक एक तृतीयांश कुत्र्यांतही दिसला नाही.

म्हणजे "चावरा झालाय, ऑपरेशन करा, शांत होईल" हा हिशेब बऱ्याचदा चुकतो. जो कुत्रा भीतीपोटी गुरगुरतो त्याची भीती वृषणात नसते. अशा कुत्र्याला माणसांची सवय लावणं, मारहाण थांबवणं हाच उपाय. काही भित्रे कुत्रे ऑपरेशननंतर जास्त बिथरू शकतात, असंही डॉक्टर सांगतात. मामांची काळजी वेगळी होती: "मग राखण करायचा नाही ना?" तर राखण जात नाही. अनोळखी माणूस दिसला की भुंकणं हे टेस्टोस्टेरॉनवर चालत नाही. रात्रीचं भुंकणं बंद व्हावं म्हणून ऑपरेशन करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं!

तब्येतीचा ताळेबंदही दोन्ही बाजूंचा आहे. जमेला असं: वृषणांची गाठ होण्याचा प्रश्नच राहत नाही आणि उतारवयात प्रोस्टेट सुजून होणारा त्रास टळतो. खर्चाला असं: भूक वाढते आणि शरीराची गरज घटते, म्हणून खाणं बेतलं नाही तर कुत्रा सुटतो. प्रोस्टेटचा कॅन्सर कुत्र्यांत मुळात दुर्मिळ आहे, पण खच्ची केलेल्यांत तो थोडा जास्त आढळतो. एका बाबतीत मात्र चर्चेला जागा नाही. सहा महिने उलटले तरी एखादं वृषण खाली उतरलं नसेल, तर पोटात राहिलेल्या त्या वृषणात गाठ होण्याचा धोका बराच जास्त असतो आणि हा दोष आनुवंशिक आहे. असा कुत्रा खच्ची करायचाच. हे ऑपरेशन अवघड असतं. मुंबईत परळला आणि आपल्याला जवळ म्हणजे शिरवळला सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथे विचारता येईल.

'कधी'चं उत्तर हाडांत आहे

खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. खोंड लहान असताना खच्ची करत नाहीत. आधी त्याचं अंग भरू देतात. कुत्र्याचंही तेच. लांब हाडांच्या टोकाला वाढीच्या कूर्चेचा पट्टा असतो. वयात येताना लैंगिक हार्मोन्स हा पट्टा बंद करायचा आदेश देतात. आदेश देणारा त्याआधीच काढला तर हाडं जरा जास्त लांब वाढतात, सांध्याचे कोन बदलतात आणि गुडघ्याच्या लिगामेंटवर, खुब्यावर ताण येतो. लिंकेजमधल्या एका दुव्याची लांबी बदलली की काय होतं, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.

हा धोका कुत्र्याच्या आकारावर ठरतो. डेव्हिसच्याच संशोधकांनी २०१६ साली जर्मन शेफर्डची नोंद मांडली: खच्ची न केलेल्या नरांपैकी सुमारे ७ टक्क्यांना सांध्याचा आजार झाला, वर्षाच्या आत खच्ची केलेल्यांपैकी सुमारे २१ टक्क्यांना. २०२० साली त्यांनी संकरित कुत्र्यांचा वजनानुसार अभ्यास केला. पूर्ण वाढ झाल्यावर २० किलोच्या पुढे जाणाऱ्या कुत्र्यांत लवकर केलेल्या ऑपरेशनचा सांध्यांना त्रास दिसला. त्याहून लहान कुत्र्यांत तसा तो दिसला नाही. म्हणून 'सहा महिने झाले की उरकून टाका' हा नियम पॉमेरियनला चालेल, शेफर्डला किंवा मुधोळला (आपण ज्याला कारवान म्हणतो तो) डोळे मिटून लावू नये.

भाद्रपद आणि हायवे

आता केट्या. सात महिन्यांचा असताना वजन १४ किलो. पूर्ण वाढला की साधारण १८ किलो होईल, हा डॉक्टरांचा अंदाज. म्हणजे सांध्यांचा धोका फार नाही, तरी वर्षभर थांबलं तर उत्तमच. मग थांबायचं का?

इथे कॅलेंडर आडवं येतं. भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी मोकाट कुत्री मोठ्या संख्येने माजावर येतात. गाभणकाळ साधारण ६३ दिवस, म्हणूनच हॉस्टेलमागे पिल्लं दिसतात ती सबमिशनच्या थंडीत. माजावरच्या कुत्रीच्या वासावर नर दूरदूरून येतात. खाणं सोडतात, साखळी तोडतात, आपसांत मारामाऱ्या करतात. आणि केट्याच्या घरासमोर काय आहे? पुणे-नाशिक हायवे. चाकण एमआयडीसीचे कंटेनर, ट्रेलर, शिफ्ट सुटल्यावरच्या कंपनी बस. डिसेंबरच्या पिल्लाला भाद्रपद लागताना नऊ महिने होतात, म्हणजे नर नेमका वयात आलेला असतो.

दोन धोके समोरासमोर ठेवले. एका बाजूला काही वर्षांनी गुडघा दुखण्याची थोडीशी शक्यता, दुसऱ्या बाजूला याच वर्षी टायरखाली जाण्याची धडधडीत शक्यता. घरात दिवसभर कुणी असतं, पक्कं कंपाउंड असतं, तर उत्तर 'थांबा' आलं असतं. मामांकडे दोन्ही नाही. डॉक्टर म्हणाले, "श्रावणाआधी करून घ्या." मामांनी एक रात्र विचार केला आणि आषाढात केलं.

याच काळात निगडी प्राधिकरणात राहणाऱ्या आपल्या एका सरांनी उलटा निर्णय घेतला. त्यांचा जर्मन शेफर्ड दहा महिन्यांचा, बंगल्याला उंच भिंत, फिरायला नेताना पट्टा. त्यांनी दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबायचं ठरवलंय. केट्या आणि शेफर्ड, दोघांचे निर्णय वेगळे आणि दोन्ही बरोबर! नर मोकाट सुटत नसेल, पट्ट्यावर नीट राहत असेल आणि तब्येतीची तक्रार नसेल, तर कधीच न करणं हाही एक निर्णय आहे.

करायचं ठरलं तर

• आधी रेबीजची आणि इतर लसी पूर्ण करा. नसबंदीने रेबीज टळत नाही.

• रक्त तपासायला सांगा. आपल्या भागात गोचीड फार. गोचीड तापात प्लेटलेट्स घसरतात आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. पैसे वाचवायला ही तपासणी गाळू नका.

• आदल्या रात्रीपासून खाणं किती वेळ बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. प्रेमाने बिस्कीट देणारा कुणीतरी असतोच.

• नंतर दहा ते चौदा दिवस धावणं, आंघोळ बंद. जखम चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर. पावसाळ्यात कोरडी जागा हवीच. मामांनी केट्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवलं होतं.

• जखम बरी झाली की खाणं बेताचं करा आणि महिन्याला वजन करा. मेसची उरलेली पोळी-भाजी हा डाएट नव्हे!

आणि कॅम्पसमधले?

पाळलेल्या कुत्र्याचा निर्णय मालकाचा. रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची. त्यासाठी २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे हे काम असतं. कानाला खाच दिसली की समजा, त्याची नसबंदी झाली आहे. शाळा-कॉलेजांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी वेगळा आदेश दिला: आवारातली भटकी कुत्री हलवून त्यांची नसबंदी आणि लसीकरण करावं, आणि त्यांना पुन्हा तिथेच सोडू नये. तेव्हा पोती घेऊन कुत्री पकडायला आपण निघायचं नाही. रेक्टरांमार्फत महापालिकेला कळवायचं. आणि एखाद्यात खरंच जीव गुंतला असेल, तर मामांसारखं त्याला रीतसर घर मिळवून द्यायचं.

इथे एक गणितही लक्षात ठेवा. फक्त नर खच्ची करून पिल्लं कमी होत नाहीत. दहापैकी नऊ नरांचं ऑपरेशन झालं तरी उरलेला एक नर गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना पुरून उरतो. बॉटलनेक आहे माद्यांची संख्या. म्हणून माद्यांची नसबंदी आधी. नराची करायची ती मुख्यतः त्या नरासाठी.

थोडक्यात, कुणी विचारलं तर आधी तीन प्रश्न विचारा. कुठली सवय किंवा आजार थांबवायचाय? तो वाढून किती किलोचा होणार? आणि ऑपरेशनपर्यंत, तसंच ऑपरेशननंतर, त्याला सांभाळणारं कोण आहे? तिसरा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात अवघड. आपण चार वर्षांचे पाहुणे, कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. डिग्री घेऊन आपण पुण्या-बंगलोरला जाऊ तेव्हा त्याची वाटी कोण भरणार, हे ठरलेलं नसेल तर नसबंदीची चर्चा नंतर करा. आधी ते ठरवा.